अभयारण्यालगत गिट्टी खदानीचा प्रस्ताव : हरकत कुठे आणि कशाच्या आधारावर नोंदवावी?

सातरेवाला (प्रश्न)

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीपासून फार दूर नसलेल्या आमच्या गावाच्या शिवारात गिट्टीची खदान आणि तिला लागूनच क्रशर उभारण्याचा प्रस्ताव आला आहे. अर्जदाराने ग्रामपंचायतीकडे ना-हरकत ठराव मागितला असून सोबतच्या कागदांत क्षेत्र पाच हेक्टरला किंचित कमी आणि अभयारण्यापासूनचे अंतर दीड किलोमीटर दाखवले आहे. हे अंतर कोणी मोजले, खदानीच्या कोणत्या टोकापासून मोजले आणि अभयारण्याच्या कोणत्या सीमेपर्यंत मोजले, याचा कागदांत उल्लेख नाही. गावातील गुराख्यांच्या मते ते बरेच कमी भरेल.

आमची पहिली काळजी मिरचीची आहे. या पट्ट्यात मिरची हे मुख्य नगदी पीक असून भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तोडलेली मिरची सातऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या आवारांत, उघड्या जागेत वाळते, बायका तिथेच बसून देठ खुडतात, आणि क्रशरची भुकटी ओलसर मिरचीवर एकदा बसली की ती झटकून निघत नाही. व्यापारी असा माल हातात घेऊन पाहतो आणि भाव पाडतो. दुसरी काळजी विहिरींची आहे, कारण प्रस्तावित गट उंचावर असून त्याच्या उतारावर आमच्या ओलिताच्या विहिरी आहेत. तिसरी काळजी वाघाची. खदानीसाठी दाखवलेल्या गटाच्या कडेचा नाला हीच त्याची येण्याजाण्याची वाट आहे, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते कागदावर कसे आणावे हे कोणालाच उमगत नाही.

गावात एकमत आहे असे म्हणणे खरेपणाचे होणार नाही. काही तरुणांना कामाची आशा आहे, आणि ज्यांच्या जमिनी रस्त्याला लागून आहेत त्यांना भाड्याची. उलट, गोसेखुर्दच्या बुडीत क्षेत्रातून उठून इथे वसलेली काही घरे या विषयावर काही ऐकूनच घेत नाहीत. एकदा गाव सोडले, आता अंगणात सुरुंग नको, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

ग्रामसभेने ठरावाने नकार दिला तर प्रस्ताव थांबतो का? जनसुनावणी होईल का? आणि आम्ही कोणते पुरावे जमवायला हवेत? या कामाचा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना महसुली

महसूल विभागात आयुष्य गेले, म्हणून कागदांपासून सुरुवात करतो. आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण केवळ ओझरती नोंदवली आहे : क्षेत्र पाच हेक्टरला किंचित कमी. हा आकडा सहसा योगायोगाने पडत नाही. एकट्या खदानपट्ट्याचे क्षेत्र पाच हेक्टरपर्यंत असेल तर पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, परंतु जनसुनावणी टळते. दगड, मुरूम यांसारख्या गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाही मंजुरी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार प्रकरणात स्पष्ट केले. पुढे 2016 च्या अधिसूचनेने समूहाचा नियम आणला. एका पट्ट्याच्या कडेपासून 500 मीटरच्या आत त्याच खनिजाचा दुसरा पट्टा असेल, तर त्या सर्वांचे क्षेत्र एकत्र धरायचे. ही बेरीज पाच हेक्टरच्या वर गेली की पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवाल आणि जनसुनावणी दोन्ही करावी लागतात. यात 9 सप्टेंबर 2013 पासून पुढे दिलेले पट्टे मोजले जातात. म्हणून प्रस्तावित गटाभोवती अर्ध्या किलोमीटरच्या आत चालू किंवा मंजूर असलेली प्रत्येक खदान शोधा आणि तिच्या मंजुरीची तारीख जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडून माहितीच्या अधिकारात मागा. अर्जदार ही बेरीज स्वतःहून मांडेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

दुसरी गोष्ट जमिनीच्या वर्गाची. केवळ आजचा सातबारा पाहून थांबू नका. आपला भाग जुन्या मध्य प्रांतातला आहे, त्यामुळे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दस्तऐवज आपल्याकडे असतात. चराई, सरपण, माती, दगड आणि गुरांच्या वाटा यांविषयीचे गावाचे हक्क त्यांत लिहिलेले असतात. त्या नोंदींत हा गट झुडपी जंगल (खुरट्या झाडाझुडपांची जमीन) म्हणून आढळला, तर प्रकरणाचे स्वरूपच बदलते. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी गोदावर्मन प्रकरणातील आपल्याच 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानुसार वनजमिनीच आहेत, असा निर्णय दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे 86 हजार हेक्टर जमीन आहे. त्या जमिनीवर खदान काढायची तर 1980 च्या वन कायद्याखाली केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि ती नसताना जिल्हा पातळीवर दिलेला खदानपट्टा टिकत नाही. मधल्या काळात अनेक ठिकाणी सातबाऱ्यावरील नोंद बदलली गेली, वर्ग बदलले, फेरफार झाले. त्यामुळे जुनी मिसल बंदोबस्ताची (इंग्रजी अमदानीतील जमीन मोजणी-आकारणीची) नोंद, फेरफार क्रमांक आणि निस्तार पत्रक या तिन्हींच्या प्रमाणित प्रती काढून एकमेकींशेजारी ठेवून वाचा. कंटाळवाणे काम आहे, पण घोषणांचे फलक रंगवण्यापेक्षा याला अधिक वजन आहे.

ग्रामसभेविषयी आपल्याला गोड वाटेल असे उत्तर देता येत नाही. पेसा कायद्याखालील (आदिवासी भागांतील पंचायतींविषयीचा कायदा) अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा पंचायतीची पूर्वशिफारस बंधनकारक आहे. परंतु नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. म्हणून आपला नकार म्हणजे आपोआप बंदी नव्हे. तरीही तो निरर्थकही नाही. ठरावात केवळ ‘गावाचा विरोध आहे’ असे लिहिले तर तो फाईलला लागतो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी गट क्रमांक, जमिनीचा जुना वर्ग, शेजारच्या खदानी, विहिरींची यादी आणि नाल्याचा उल्लेख असेल, तर त्यातील प्रत्येक मुद्द्याला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर दिले नाही तर तेच पुढे अपिलाचे कारण ठरते. ठराव मासिक सभेत नव्हे, तर ग्रामसभेतच घ्या. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. हजेरीच्या सह्या त्याच वेळी घ्या. मागाहून घरोघर फिरून घेतलेल्या सह्यांनी चांगले ठराव बाद झालेले मी पाहिले आहेत.

आपल्या गावाचा सामूहिक वनहक्क दावा मंजूर झालेला असेल तर तेही कळवा. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 5 खाली वन्यजीव, वन आणि पाणलोट यांच्या रक्षणाचे अधिकार ग्रामसभेला मिळतात, आणि हा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही.

टिप्परमालक

माझे मत येथे कोणाला रुचणार नाही, तरीही ते नोंदवणे आवश्यक वाटते. माझ्याकडे दोन टिप्पर आहेत आणि माझे घर गिट्टीच्या वाहतुकीवर चालते. समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर असोत, नागपूरची मेट्रो असो किंवा गावोगावचे सिमेंटचे रस्ते, या सर्वांना लागणारा दगड कुठल्यातरी गावाच्या शिवारातूनच निघतो. प्रत्येक गावाने नकार दिला तर तो लांबून येईल, डिझेल अधिक जळेल आणि त्याच रस्त्यावर अधिक अपघात होतील. परवानगी नाकारल्यामुळे मागणी नाहीशी होत नाही. पुष्कळदा ती रात्रीच्या चोरट्या उत्खननाकडे वळते, आणि तिथे ना सुरुंगाची वेळ पाळली जाते, ना कोणी पाणी मारते.

याचा अर्थ अभयारण्याच्या तोंडाशीच खदान हवी, असा नाही. माझा आग्रह एवढाच आहे की विरोध करताना पर्यायही मांडावा. उमरेड रस्त्याच्या बाजूने, पाचगावच्या परिसरात, जुन्या खदानी आहेत. त्यांतला शिल्लक दगड किती, त्या आणखी किती वर्षे पुरतील, याचा हिशेब जिल्हा सर्वेक्षण अहवालात असायला हवा. तो अहवाल मागून वाचा. जुन्या खदानीत दगड शिल्लक असताना नव्या ठिकाणी डोंगर का फोडायचा, हा प्रश्न मलाही रास्त वाटतो. परंतु ‘खदानवाले सगळे चोर’ या सुरात गाव बोलू लागले, तर कामाची आशा असलेले तरुण तुमच्या बाजूने उभे राहणार नाहीत.

वैनगंगाकाठ

टिप्परमालकांचा जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मुद्दा उपयुक्त आहे आणि तो हरकतीत अवश्य घ्यावा. मात्र पर्याय शोधणे ही अर्जदाराची जबाबदारी आहे, गावाची नव्हे. मिरची वाळवणाऱ्यांनी नागपूरच्या रस्त्यांसाठी दगड कुठून आणायचा याचे नियोजन करून द्यावे, ही अपेक्षा मला उलटी वाटते.

आता अंतराविषयी. सर्वोच्च न्यायालयाने 3 जून 2022 रोजी संरक्षित क्षेत्रांभोवती एक किलोमीटरचा पट्टा सरसकट ठरवला होता. 26 एप्रिल 2023 रोजी तो आदेश सौम्य केला गेला आणि ‘आता एक किलोमीटरचा नियम उरला नाही’ असे बरेच जण सांगू लागले. ते खरे नाही. त्याच दुसऱ्या आदेशात न्यायालयाने राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या आत, तसेच त्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत, खाणकामाला परवानगी असणार नाही, हे कायम ठेवले आहे. म्हणजे तुमच्या कागदांतील दीड किलोमीटर प्रत्यक्षात नऊशे मीटर निघाले, तर पुढच्या चर्चेची गरजच उरत नाही. अर्जदाराला परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या संकेतस्थळावर अर्जासोबत पट्ट्याच्या सीमेची केएमएल फाईल (संगणकावरील नकाशावर उघडणारी) जोडावी लागते. ती उतरवून घ्या, अभयारण्याच्या अधिसूचनेतील सीमावर्णनाशी ताडून पाहा आणि दोन सर्वांत जवळच्या बिंदूंमधील अंतर मोजा. खदानीच्या मध्यबिंदूपासून किंवा अभयारण्याच्या प्रवेशद्वारापासून अंतर मोजून ते वाढवणे ही जुनी युक्ती आहे. स्वतःची मोजणी झाली की उपवनसंरक्षकांना लेखी पत्र देऊन अधिकृत अंतराचा दाखला मागा.

एक किलोमीटरच्या पलीकडेही विषय संपत नाही. अभयारण्याभोवतीच्या, अंतिम अधिसूचित पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात व्यावसायिक खाणकाम, दगडखदान आणि क्रशर यांना मनाई असते. स्थानिक रहिवाशांनी घरदुरुस्तीसाठी माती-दगड काढण्याची मुभा तेवढी त्यातून वगळलेली असते. ज्या अभयारण्याचे असे क्षेत्र अंतिमतः अधिसूचित झालेले नसते, तिथे दहा किलोमीटरच्या आतील, पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची शिफारस घ्यावी लागते. तुमच्या गटासाठी यांपैकी कोणती तरतूद लागू होते, हे वनविभागाच्या दाखल्यातच लिहून मागा.

वाघाचा पुरावा कागदावर कसा आणावा, असे आपण विचारले आहे. तो कागदावर बहुधा आधीपासूनच आहे. वाघाने गाय, बैल किंवा बकरी मारली की वनविभाग पंचनामा करतो आणि नुकसानभरपाई देतो. त्या पंचनाम्यात तारीख, ठिकाण, पुष्कळदा गट क्रमांक आणि वन्यप्राण्याचे नाव असते, आणि त्यावर सरकारी कर्मचाऱ्याची सही असते. गेल्या काही वर्षांतील अशा सर्व प्रकरणांची यादी वनपरिक्षेत्र कार्यालयातून मागून गावाच्या नकाशावर बिंदू मांडा. ते बिंदू नाल्याच्या काठाने ओळीने पडले, तर वाघाचा मार्ग सरकारनेच नोंदवलेला आहे, असे तुम्हाला म्हणता येईल. गुराख्याची तोंडी साक्ष मी कमी लेखत नाही, पण अर्जदाराचा सल्लागार तिला ‘ऐकीव माहिती’ म्हणून बाजूला सारतो. पंचनामा त्याला तसा सारता येत नाही.

या नोंदींचे महत्त्व का, तेही सांगतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला हे सुमारे 189 चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. तिथे वाढलेले तरुण वाघ तिथेच सामावणे शक्य नसते. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, पेंच आणि बोर यांच्यामधल्या शेतांतून, नाल्यांतून आणि झुडपी जंगलांतूनच ते ये-जा करतात. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 38-ओ व्याघ्रप्रकल्पांना जोडणाऱ्या क्षेत्रांचाही विचार करते. ती क्षेत्रे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मंजुरीवाचून आणि व्याघ्र प्राधिकरणाच्या सल्ल्यावाचून पर्यावरणाला न पेलणाऱ्या वापराकडे वळवता येत नाहीत. तेव्हा हरकतीत ‘येथे वाघ आहे’ एवढेच न लिहिता ‘हा जोडमार्ग आहे आणि त्याच्या या नोंदी आहेत’ असे लिहावे. आणखी एक : मूल्यांकन अहवालातील पाहणी सहसा पावसाळा वगळून एकाच ऋतूत केलेली असते. नाला वाहत असताना तिथे काय चालते, हे त्या अहवालात सापडणार नाही, आणि ही उणीव दाखवून देणे अवघड नाही.

सातरेवाला

दोन्ही सविस्तर उत्तरांबद्दल आभार. टिप्परमालकांचे म्हणणेही ग्रामसभेत वाचून दाखवीन, कारण गावात तेच प्रश्न विचारले जात आहेत.

निस्तार पत्रकाची प्रत अद्याप मिळालेली नाही, परंतु जुन्या पावतीपुस्तकांवरून तो गट पूर्वी चराईचा होता असे दिसते. प्रस्तावित गटाच्या दक्षिणेला एक चालू खदान आहे आणि पायी मोजता ती अर्ध्या किलोमीटरच्या आत येते. तेव्हा समूहाचा मुद्दा आम्ही मांडणारच आहोत. जनसुनावणी झालीच, तर तिथे नेमके काय घडते? मतदान होते का? आणि विहिरींच्या व सुरुंगाच्या बाबतीत काय मागावे?

जुना महसुली

मतदान होत नाही, आणि हा गैरसमज वेळीच दूर केलेला बरा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी भरवते. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. किमान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात सूचना द्यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पंचायत आणि मंडळाचे प्रादेशिक कार्यालय येथे पाहायला ठेवावा लागतो, आणि त्याचा सारांश मराठीत असावा लागतो. तो मराठीत नसेल, किंवा पंचायतीत प्रत आलीच नसेल, तर ते सुनावणीपूर्वी लेखी कळवा. सुनावणीचे चित्रीकरण होते आणि इतिवृत्त सभेतच स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. ते वाचून होईपर्यंत कोणीही उठून जाऊ नये. लोक भाषणे ऐकून टाळ्या वाजवतात आणि इतिवृत्ताच्या वेळी मंडप रिकामा असतो; मग ‘ग्रामस्थांनी रोजगाराची मागणी केली’ एवढेच वाक्य पुढे जाते. जे बोलाल ते लेखीही द्या आणि पोच घ्या.

सुनावणीत निर्णय होत नाही. तिथे हरकती नोंदवल्या जातात, अर्जदाराला त्यांची उत्तरे अंतिम अहवालात द्यावी लागतात, आणि तो अहवाल घेऊन राज्याची तज्ज्ञ समिती शिफारस करते. म्हणून समितीला नाकारता येणार नाही अशी हरकत लिहिणे, हे तिथले खरे काम आहे.

विहिरींसाठी आजपासून सुरुवात करा. काळ्या दगडात पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठते. त्या थराच्या खाली खोल खड्डा गेला की आजूबाजूच्या भेगांतील पाणी त्याच्याकडे ओढले जाते. प्रत्येक विहिरीची पातळी पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या अखेरीस मोजून, तारीख घालून वहीत लिहा. जवळच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून मागा. आधीची पातळीच नोंदलेली नसेल, तर नंतर ‘पाणी आटले’ हे सिद्ध करता येत नाही. खड्ड्याची कमाल खोली भूजल पातळीच्या वर ठेवावी, अशी अट नावानिशी मागा.

सुरुंगाच्या हादऱ्यांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाची 1997 ची मर्यादा आहे. खदानमालकाच्या नसलेल्या कच्च्या किंवा विटांच्या घरांसाठी ती कंपनाच्या वारंवारितेनुसार सेकंदाला 5, 10 आणि 15 मिलिमीटर अशी चढत जाते, आणि कमी वारंवारितेच्या हादऱ्याला सर्वांत कडक मर्यादा लागू होते. धुळीसाठी 2009 ची राष्ट्रीय मानके आहेत : दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम. सातऱ्यांच्या हंगामात सातऱ्यांजवळच मोजमाप व्हावे, असा आग्रह धरा. मोजणीचे यंत्र सहसा वाऱ्याच्या उलट दिशेला सोयीच्या जागी ठेवलेले आढळते.

अखेरचा मुद्दा मुदतीचा. पर्यावरण मंजुरी दिली गेलीच, तर तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात 30 दिवसांत अपील करावे लागते. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे दार बंद होते. आपल्यासाठी पुण्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ आहे. गाव निश्चिंत असताना परिवेशवर मंजुरी पडून राहते आणि मुदत निघून जाते. त्यामुळे संगणक वापरता येणाऱ्या दोन तरुणांना दर सोमवारी अर्जाची स्थिती पाहून तिची छापील प्रत ठेवण्याचे काम ग्रामसभेच्या ठरावातच नेमून द्या, आणि शक्य असेल तर त्यातला एक जण कामाच्या आशेने खदानीच्या बाजूने बोलणारा असू द्या.